मऊ प्रवाळाचे चाळीस तुकडे

गोव्यातल्या सुर्ल्यात विनोदिनीवयनींच्या दारात नवा माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पोवळी पिकवतत ता घर ह्याच काय?" मंगळ असलेल्या मुलींचे वडील आजवर तीन वेळा येऊन गेले. वयनी अशा माणसाला हाकलून देत नाहीत. त्याला आत घेतात, टाकीसमोर खुर्ची देतात आणि सांगतात, "अंगठेत बसता ता पोवळा वेगळा. ह्या जिवंत आसा. बोटात घातलात तर दुसऱ्या दिवशी घाण वास येतलो."

टाकी बाहेरच्या खोलीत आहे, पूर्वी टीव्ही होता त्या भिंतीला लागून. चार फूट लांब, दीड फूट रुंद. तिच्या शेजारी गुडघ्याइतक्या उंचीची एक उथळ टाकी, कापलेले तुकडे वाढवायला. दोन्ही टाक्या पाइपांनी जोडलेल्या आहेत, त्यामुळं पाणी एकच. सगळं मिळून साडेतीनशे लिटर खारं पाणी, तेही समुद्रापासून इतक्या आत, लाल मातीच्या खाणपट्ट्यात. खिडकीला वयनी जनेल म्हणतात. ते जनेल दिवसभर बंद असतं, कारण ऊन थेट पाण्यावर पडलं की शेवाळ धरतं. खोलीत निळसर उजेड आणि पंख्यांची बारीक घरघर.

त्या निळसर उजेडात मधोमध बसलेली असते ती 'आई'. जेवणाच्या ताटाएवढं मऊ प्रवाळ. जाड देठ, वर घडी पडलेली टोपी, आणि टोपीवर हजारभर बारीक बोटं पाण्याबरोबर हलत असतात. या जातीला छंदातले लोक चामड्याचं प्रवाळ म्हणतात, कारण बोटं आत गेली की वरचा भाग खरोखर ओल्या चामड्यासारखा दिसतो. वयनी तिला अळमी म्हणतात. पावसात रानात उगवणाऱ्या अळंब्यांसारखीच ती दिसते. दगडी प्रवाळ घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे. वयनींनी ते कधी मागितलंही नाही. त्यांच्याकडचं सगळं मऊ आहे, आणि सगळं कोणाच्या तरी घरच्या टाकीत वाढलेल्या तुकड्यापासून आलेलं.

वयनींचं माहेर मांद्र्याचं, पेडणे तालुक्यातलं. बारावी करून लग्न झालं आणि त्या सुर्ल्याला आल्या. इथं खाणीच्या प्रयोगशाळेत नमुने वाळवणं, चाळणं, वजन करणं हे काम त्यांनी काही वर्षं केलं. खाण बंद पडली तेव्हा प्रयोगशाळाही बंद झाली. नवऱ्यानं, रुद्रेशदादानं, खनिज वाहायचा टिपर विकला आणि शाळेची बस चालवायला घेतली. वयनी घरी बसल्या, पण मोजायची सवय सुटेना. भाताच्या पाण्याचं मापही त्या काचेच्या नळीनं घेत, असं दादा अजून सांगतो.

साखळी गावातल्या एका बँकेत एक मॅनेजर होते. त्यांची बदली झाली आणि त्यांना आपली छोटी समुद्री टाकी नेता येईना. ती दादाच्या बसमधून वयनींकडे आली. तिच्यात दोन मासे आणि अंगठ्याच्या नखाएवढा एक तपकिरी गोळा होता. मासे वर्षभरात गेले. गोळा वाढला. तीच ही आई. वयनींनी फोनवर वाचून, लोकांना प्रश्न विचारून, आणि दोनदा त्या गोळ्याखेरीज सगळं मारून ही विद्या मिळवली. दोनदा सगळं मारलं हे त्या स्वतःच आधी सांगतात. त्यात त्यांना लाज वाटत नाही.

त्यांच्या कामाची पद्धत त्यांची स्वतःची आहे. गोव्यात मे महिन्यात पावसाळ्याचं पुरुमेंत भरतात: कांदे, सुकी मासळी, आमसुलं, मिरची. वयनी त्याबरोबर समुद्रही भरतात. पाऊस लागला की किनाऱ्याजवळच्या पाण्यात नद्यांचं गोडं पाणी आणि गाळ मिसळतो, खारटपणा उतरतो, आणि ते पाणी टाकीच्या कामाचं राहत नाही. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा भाऊ प्रवीण मांद्र्याहून छोट्या टेंपोत भरतीचं स्वच्छ पाणी आणतो, आणि घरामागच्या पडवीत पन्नास लिटरचे आठ काळे ड्रम झाकून ठेवले जातात. त्यावर दिवाळी गाठायची.

तुकडे बसवायला लागणाऱ्या चकत्याही घरच्याच. जेवणात तिसऱ्यांचं कालवण झालं की त्यांच्या शिंपल्या धुऊन, वाळवून, कुटून सिमेंटमध्ये मिसळायच्या, बाटलीच्या झाकणात साचा पाडायचा, आणि दोन महिने पाणी बदलत भिजवायच्या. सिमेंटचा सगळा चुना निघून गेल्याशिवाय त्यावर काही जगत नाही. मग आईच्या टोपीचा काठ धारदार पात्यानं कापायचा, चार बोटांच्या रुंदीची पट्टी काढायची, तिचे सारखे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा चकतीवर जाळीच्या कापडानं हलका बांधायचा. तीन आठवड्यांत तुकडा चकतीला धरतो. हातात हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, कारण कापताना आई जो चीक सोडते तो डोळ्यांत जाता कामा नये.

हे तुकडे बेळगाव, कोल्हापूर, म्हापसा इकडच्या छंदी लोकांकडे थर्मोकोलच्या डब्यात बसनं जात. दोन इकडे, तीन तिकडे. बदल्यात कधी दुसऱ्या जातीचा तुकडा येई. हे सगळं घरच्या घरी, जमेल तसं चालायचं. गेल्या जूनच्या सुरुवातीला मात्र पेडण्याचा सर्वेश आला. हॉटेलांत आणि कचेऱ्यांत टाक्या बसवणं हा त्याचा धंदा.

"वयनी, चाळीस व्हये," तो म्हणाला. "एकाच जातीचे, एकाच मापाचे. मोपाच्या विमानतळाच्या वाटेर नवा हॉटेल येता, त्येच्या दारातच मोठी टाकी. धा ऑगस्टाक उद्घाटन."

"देतंय," वयनी म्हणाल्या.

दादा दारात शूज काढत होता. "चाळीस? आई कापून संपतली."

"संपणा नाय. पावसात मेंदीचा कुंपण कापतात, ता संपता काय?"

"आणि नाय जमला तर?"

"नाय जमणारा काम मी घेतंय कधी?"

सर्वेश हसला. त्याला माहीत होतं आणि वयनींनाही माहीत होतं, की हे काम नीट झालं तर पेडण्यापासून कळंगुटपर्यंतच्या हॉटेलांना मऊ प्रवाळ पुरवणारी बाई म्हणून त्यांचं नाव होईल. आणि बिघडलं तर 'घरच्या घरी करते ती' एवढंच राहील.

त्यांनी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आईचा काठ कापला. चाळीस तुकडे आधीच भिजवून ठेवलेल्या चाळीस चकत्यांवर बसले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बहुतेकांनी चकती धरली होती. आणि त्याच आठवड्यात मांद्र्याहून फोन आला: वयनींची आई अंगणात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन आहे.

आता या घरातल्या तिसऱ्या माणसाबद्दल सांगायला हवं. गोकुळदासबाब, वयनींचे सासरे, वय चौऱ्याहत्तर. सरळ, सडसडीत माणूस. पहाटे उठून बांयवर, म्हणजे विहिरीवर, न्हाणं, तांब्याची कळशी चिंचेनं घासून लखलखीत करणं, ती भरून आणणं आणि त्या पाण्यानं देवपूजा. हा क्रम मी त्यांच्या घरासमोरून शाळेत जायचो तेव्हापासून पाहत आलोय. टाकीबद्दल त्यांचं मत पहिल्या दिवसापासून एकच होतं. "तेवढ्या पाण्यात दोन म्हशी न्हातल्यो," ते म्हणत. वर्षानुवर्षं त्यांनी त्या खोलीत बसून चहा घेतला, पण टाकीकडे पाठ करून.

वयनी मांद्र्याला निघाल्या तेव्हा दादाची बस सकाळी सहाला सुटायची, म्हणून काम बाबांकडे आलं. काम सोपं होतं. पंख्यांमुळं रोज तीनचार लिटर पाणी उडून जातं. पाणी उडतं, मीठ उडत नाही, त्यामुळं रोज तेवढंच गोडं पाणी घालून पातळी परत आणावी लागते. काचेवर निळी रेघ होती. पडवीत गाळलेल्या शुद्ध पाण्याचे पाच पांढरे कॅन भरून ठेवले होते.

"बाबा, सकाळी रेघेपर्यंत कॅनातला पाणी घालायचा. बाकी कायच करू नकात."

"गो, मी शेत शिंपलंय पन्नास वर्षां. एक काचेची पेटी भरूक माका शिकवतंस?"

ऑपरेशन होऊन त्यांची आई घरी येईपर्यंत वयनी अकरा दिवस मांद्र्यात होत्या. रोज संध्याकाळी फोन करत. बाबा रोज सांगत, "घातलंय. रेघेर आसा." आणि फोन ठेवण्याआधी टाकीतल्या गुलाबी प्रवाळाबद्दल एखादं वाक्य जास्तीचं. "ती गुलाबी मूठ उघडता-मिटता, तिका मजा वाटता वाटता." वयनींना बरं वाटलं. बाबा पहिल्यांदाच टाकीकडे तोंड करून बसत होते.

बाराव्या दिवशी संध्याकाळी त्या परतल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांना दिसलं. गुलाबी, मुठीसारखं उघडझाप करणारं प्रवाळ थांबलं होतं, लोंबत होतं. आई पूर्ण मिटलेली, राखाडी, गुळगुळीत, वर मेणासारखा पापुद्रा. चाळीस तुकडे सुपारीसारखे आक्रसलेले. आणि काचेवरचं शेवाळ खायला ठेवलेल्या गोगलगायी तळाला उताण्या पडलेल्या, सगळ्या.

वयनींनी पदर खोचला आणि मोजायला सुरुवात केली. खारटपणा बरोबर. तापमान बरोबर. अमोनिया नाही. नायट्राइट नाही. क्षारता थोडी कमी, पण मरण्याइतकी नाही. खोलीत कोणी डास मारायचं औषध फवारलं का? नाही. धुरी घातली का? नाही. दादा म्हणाला, "कंटाळली असतील." वयनींनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पाणी अगदी ठीक होतं आणि त्यात सगळं मरत होतं, आणि हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं.

बसलं ते सकाळी. साडेसहाला वयनी चहाचं आधण ठेवत होत्या. बाबा न्हाऊन, ओल्या पंचानं, तोंडानं काही पुटपुटत मागच्या दारानं आत आले. पूजा झाली होती; कपाळाला गंध होतं. दोन्ही हातांत ती लखलखीत कळशी. ते टाकीपाशी गेले, झाकण हळूच सरकवलं, आणि अभिषेकाला धरतात तशी बारीक धार धरली.

"बाबा!"

ते दचकले. थोडं पाणी जमिनीवर सांडलं.

"काय गो, ओरडतंस कित्याक?"

"खयचा पाणी ता?"

"खयचा म्हणजे? बांयचा. ताजा."

"आणि कॅनातला?"

"त्येका प्लास्टिकाचो वास येता. शिळा पाणी. देवाक चलणा नाय ता ह्या जिवांका कसा चलतला? अबोलेच्या झाडांक घातलंय."

"किती दिवस घालतात ह्या?"

"तू गेलंस त्येच्या दुसऱ्या दिसापासून. न्हावन, पूजा करून, मगे ह्यांका. एक दिवस चुकवक नाय." ते अभिमानानं म्हणाले. मग टाकीत बघत जरा खाली आवाजात, "पण तुझी अळमी कालपासून रुसली हां. तू नव्हतंस म्हणान असतली."

तांबं. माणसाला आणि माशालाही जे चालून जातं, ते बिनकण्याच्या समुद्री जिवांना अगदी थोडंही चालत नाही. पूजा आटोपेपर्यंत तांब्यात राहिलेल्या पाण्यातही ते थोडं उतरतं, आणि कळशी चिंचेनं ताजी घासलेली असेल तर जास्तच. रोज थोडं थोडं, अकरा दिवस. पाणी उडून जातं, तांबं उडून जात नाही. ते टाकीत साठत राहिलं. खाणीत असताना वयनींनी खनिजातलं लोखंड मोजलं होतं. घरातलं तांबं मोजायचं कधी सुचलं नाही.

त्यांनी गॅस बंद केला आणि बाबांच्या हातातून कळशी घेऊन ओट्यावर ठेवली.

"बाबा, बसा. सांगतंय ता ऐकान घ्या. तांब्यातल्या पाण्यान ह्या जीव मरतत."

"तांब्यातल्या? तांब्यातला पाणी पिवन माझो बापूस नव्वद वर्षां जगलो."

"तुमचो बापूस माणूस होतो. ही गोगली बघा. सगळी मेली."

बाबा वाकले. बराच वेळ वाकून राहिले. चष्मा नव्हता, म्हणून नाक काचेला लागेपर्यंत. मग म्हणाले, "म्हणजे मी मारलंय."

शाळेला सुट्टी म्हणून घरी असलेला दादा अंघोळीला निघाला होता, तो तिथंच थांबला. त्यानं वयनींकडे पाहिलं. नाही म्हण, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

"गोगली मेली ती ह्या पाण्यान," वयनी म्हणाल्या. "अळमी अजून मरूक नाय. आणि चूक माझीय आसा. कॅनातलाच घाला म्हणून सांगलंय, पण कित्याक ता सांगूक नाय. शेतात कामाक लावलेल्या माणसाक तुम्ही कारण सांगलात नाय तर तो आपल्या डोक्यान करतलो."

बाबांनी पंचा घट्ट केला. उठून पडवीत गेले. थोड्या वेळानं तिथून आवाज आला, "ह्ये काळे ड्रम खयचे आधी व्हये? मी ढकलतंय."

पडवीत आठांपैकी सहा ड्रम भरलेले होते. दिवाळीपर्यंतचा समुद्र. वयनींनी त्या दिवशी दोन रिकामे केले, एक दिवस सोडून पुन्हा दोन. जुनं पाणी काढायचं, नवं घालायचं, पुन्हा काढायचं. दादा म्हापशाहून कोळशाच्या थैल्या आणि तांबं शोषून घेणारी एक जाळी घेऊन आला. जाळी दोन दिवसांत निळसर झाली, आणि वयनींनी ती बाबांना दाखवली. ते म्हणाले, "कळशेतून इतक्या येता?" त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

गुलाबी उघडझाप करणारं प्रवाळ तिसऱ्या दिवशी वितळून गेलं. ते वाचणार नाही हे वयनींना पहिल्या संध्याकाळीच कळलं होतं.

सर्वेशला त्यांनी त्याच आठवड्यात फोन केला. लपवलं नाही. तो दुसऱ्या दिवशी धावत आला, पण येईपर्यंत गंमत अशी झाली की चाळीसपैकी तीस तुकडे अर्धेमुर्धे उघडले होते. सर्वेशच्या जिवात जीव आला.

"वयनी, तुम्ही माका भियेवलात! बघा कसे डोलतत ते."

"आज डोलतत."

"मगे? धा तारखेक अजून तीन आठवडे आसत. उघडलेले दिसले म्हणजे झाला. हॉटेलवाल्याक काय कळता?"

"हॉटेलवाल्याक नाय कळणा. पण पंधरा दिवसांनी वितळूक लागले तर तू कोणाक फोन करतलंस? माका. आणि मी काय सांगू तुका? म्हायत होता म्हणून?"

सर्वेश खुर्चीत मागं टेकला. "बरां. मगे मी बेंगळुरूहून मागवतंय."

दादानं आतून मान बाहेर काढली. बाबा कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते, ते त्यांनी खाली केलं.

"मागव," वयनी म्हणाल्या. "पण तुझ्या टाकीचा पाणी कसा आसा?"

"नवा कोरा. भरून पाच दिवस झाले. आरशासारख्या साफ."

"नायट्राइट बघलंस?"

"साफ आसा म्हणतंय मां!"

"उद्या एक बाटली घेवन ये."

"पेडण्याहून परत इकडे? एका बाटलेक?"

"चाळीस तुकडे मारण्यापरीस ता स्वस्त."

तो कुरकुरत गेला, पण आणली. वयनींनी काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घेतलं, पाच थेंब औषध टाकलं, हलवलं, आणि नळी सर्वेशच्या हातात दिली. "पाच मिनटां धर. निळा रवला तर तू जिकलंस."

दोन मिनिटांतच पाणी जांभळं झालं. पाच मिनिटांनी ते जांभळाच्या फळासारखं गर्द होतं.

नव्या टाकीत घाण खाणारे जिवाणू तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो. तोवर पाणी दिसायला कितीही स्वच्छ असो, ते विषारी असतं. सर्वेशला हे ऐकून माहीत होतं, पण आजवर त्यानं गोड्या पाण्याच्या टाक्या बसवल्या होत्या, जिथं आठ दिवसांत मासे सोडून चालून जातं. समुद्री टाकी त्याचीही पहिलीच होती. ते त्यानं तोपर्यंत सांगितलं नव्हतं.

"माझे घाल, बेंगळुरूचे घाल," वयनी म्हणाल्या, "ह्या पाण्यात दोन्ही मरतले. धा तारीख तुझ्या टाकेकच चलणा नाय. एकतीस ऑगस्ट धर."

"आणि त्या मॅनेजर बाईक कोण सांगतलो? सुविधा मॅडम. तुम्ही बघूक नाय तिका."

"नंबर लाव."

सर्वेशनं नंबर लावला आणि फोन वयनींच्या हातात देऊन स्वतः अंगणात गेला. मॅनेजर बाईंनी आधी सर्वेशबद्दल दोन मिनिटं ऐकवलं, आणि वयनींनी ते ऐकून घेतलं.

"उद्घाटनाला टाकी रिकामी ठेवू मी?" पलीकडून आवाज.

"रिकामी नाही, मॅडम. दगड असतील, वाळू असेल, दिवे असतील. लोकांना निळं पाणी दिसेल, आवडेल. पण प्रवाळ आता घातलं तर उद्घाटनाला दिसेल आणि चार दिवसांनी पाण्याला वास मारेल. तो वास तुमच्या दारातच असेल."

"तुम्ही खात्री देता?"

"आज देत नाही. माझ्याकडचे तुकडे आजारी आहेत, ते का आजारी पडले तेही मी तुम्हाला सांगू शकते. एकतीस तारखेला जे देईन त्याची खात्री देईन."

"एकतीस," बाई म्हणाल्या. "त्यापुढं मी ऐकणार नाही."

पुढचे सहा आठवडे या घरानं त्या टाकीभोवती काढले. मांद्र्याच्या खडकांवरच्या पाच गोगलगायी प्रवीणनं पाठवल्या. पाण्यात तांबं उरलं असेल तर त्या सगळ्यांत आधी सांगतात: काचेवर चढत नाहीत, तळाला पडून राहतात. हे एकदा बाबांना सांगितलं, आणि मग ते काम बाबांचंच झालं. पूजा आटोपली की चष्मा लावून टाकीसमोर.

"दोन चढल्यो. तीन खाली."

"उताण्या?"

"नाय. बसल्यो. चलूक आळस करतत तुझ्या घोवासारख्यो."

"मी आयकतंय हां!" दादा आतून.

चौथ्या दिवशी पाचही काचेवर होत्या. बाबांनी मला रस्त्यावरून हाक मारून आत नेलं आणि एकेक बोटानं दाखवली.

आईला वेळ लागला. एकोणीस दिवस ती मिटून होती. विसाव्या दिवशी तिच्या अंगावरचा मेणचट पापुद्रा सुटून पाण्यात तरंगला, वयनींनी तो चिमट्यानं उचलला, आणि खालून स्वच्छ, फिकट पिवळी त्वचा निघाली. त्या आठवड्यात बोटं बाहेर आली, आधी काठानं, मग मध्यभागी. तुकड्यांमधले तीन मात्र काळे पडत गेले. वयनी ते रोज हुंगून बघत. खराब प्रवाळाचा वास सडक्या शिंपल्यासारखा येतो. ज्या दिवशी वास आला त्या दिवशी त्यांनी तिन्ही उचलून बाहेर टाकले. शेजारचे निरोगी तुकडे त्यांना पणाला लावायचे नव्हते.

एकतीस ऑगस्टला सकाळी सर्वेशची गाडी आली. थर्मोकोलचे दोन डबे, सदतीस पिशव्या. वयनी स्वतः बरोबर गेल्या; बाबांनी आपण येत नाही म्हणून सांगितलं आणि गाडी सुटताना पुढच्या सीटवर बसलेले सापडले. हॉटेलच्या टाकीचं पाणी वयनींनी तिथंच नळीत घेतलं. पाच मिनिटं थांबल्या. निळं राहिलं. मग त्यांनी बाह्या वर केल्या, अडीच तास एकेक तुकडा दगडाच्या खाचेत बसवला, आणि सुविधा मॅडमना म्हणाल्या, "सदतीस आहेत. चाळीस सांगितले होते. तीन राहिले ते मी देणं लागते."

"अहो, कोण मोजतंय?" मॅडम म्हणाल्या. खरंच टाकी छान दिसत होती. दोनतीन तुकडे तेवढ्यातच बोटं बाहेर काढू लागले होते, आणि सामान घेऊन आत येणारं एक जोडपं टाकीसमोर थांबलं होतं.

परत येताना सर्वेश म्हणाला, "वयनी, म्हापशात एक दातांचो डॉक्टर आसा, त्येका..."

"आधी हे तीन."

"हे तीन त्यांनी सोडले, तुम्ही आयकलात नाय?"

"तिणां सोडले. मी सोडूक नाय."

आईला त्यांनी महिनाभर शांत राहू दिलं. दसऱ्यानंतरच्या रविवारी, दुपारी, चांगला उजेड असताना, आई टाकीतून काढून टाकीच्याच पाण्यानं भरलेल्या पसरट टबात ठेवली. हातमोजे घातले, चष्मा लावला. बाबांनाही एक चष्मा दिला, कारण ते समोर खुर्ची ओढून बसले होते आणि उठायला तयार नव्हते. हात लागताच आईनं सगळी बोटं आत घेतली. वयनींनी काठावर अंगठ्यानं चाचपून बघितलं. जाड, घट्ट, लवचीक.

"आत्ताच बरी झाली ती," बाबा म्हणाले. "आणि तू लगेच कापतंस. दुखणा नाय काय तिका?"

"दुखता काय ता माका म्हायत नाय, बाबा. माझ्या मापात ता येणा नाय. पण आठ दिवसांत काठ भरून येता, ता म्हायत आसा. जरा टब धरा. हलता."

बाबांनी दोन्ही हातांनी टब घट्ट धरला. वयनींनी पात्याची धार एकदा उजेडात बघितली आणि कापायला सुरुवात केली.